दोन्ही काठांवर सावली आणि पाणी: जलदुर्गांच्या बोटवाल्यांना नाशिकहून एक खुलं पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरून जलदुर्गांना बोटी नेणारे सगळे बोटवाले, त्यांच्या संस्था, आणि जेट्टीची व्यवस्था बघणारे सगळे

दादांनो, काकांनो, नमस्कार.

मी नाशिकहून लिहितेय. आमच्याकडे भुरी नावाची कुत्री आहे, गावठी, पाच वर्षांची, सोळा किलोची, पिल्लू असताना एका बांधकामाच्या साइटवर वाळूच्या ढिगाऱ्यात सापडलेली. आणि माझी आई आहे, अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली. या दोघींना घेऊन समुद्रातले किल्ले बघायला आम्ही तीनदा कोकणात आलो आणि तीनही वेळा जे बघितलं, जे सोसलं त्यावरून तुमच्याकडे एक मागणं आहे. ज्यांना किल्ल्यात उतरता येत नाही त्यांना बोटीतूनच किल्ल्याभोवती एक फेरी मारून आणा, त्याचं वेगळं तिकीट लावा, आणि जेट्टीवर थांबणाऱ्यांसाठी सावली आणि प्यायचं पाणी ठेवा.

आधी हे सांगते की आम्ही डोंगराकडची माणसं समुद्राकडे वळलो कशी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले तेव्हा आमच्याकडे केवढा आनंद झाला होता, कारण त्यात आमच्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेर आहे. १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, आणि १६७२ मध्ये मोगलांशी उघड्या मैदानात लढून मराठ्यांनी जिंकलेली लढाई त्याच्याच पायथ्याला झाली. आईने कितीतरी वर्षं ही लढाई फळ्यावर काढून शिकवली. ती यादी वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, साल्हेर आता माझ्याच्याने होणार नाही गं, पण यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाण्यातले ना, तिथे चढ नसेल. मग काय, ठरलंच. भुरीला कुठे ठेवायचं हा प्रश्नच नव्हता, ती आईच्या पलंगाखाली झोपते आणि आई दोन दिवस दिसली नाही तर जेवत नाही, एकदा बोर्डिंगला ठेवून बघितलंय, पुन्हा नाही.

आता नियमाचं बोलते कारण तुमच्यातल्या पुष्कळांना वाटतं की कुत्रेवाले नियम मोडायला येतात. जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे सगळे केंद्राच्या संरक्षणातले, आणि प्राचीन स्मारकांचे जे १९५९ चे नियम आहेत त्यातल्या आठव्या नियमात स्पष्ट लिहिलंय की स्मारकाच्या देखभालीचं काम सोडून दुसऱ्या कशासाठीही प्राणी आत आणायचा नाही. आम्हाला हे मान्य आहे, मनापासून मान्य आहे. सिंधुदुर्गात शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, तिथे लोक चप्पल काढून हात जोडून जातात, त्या वाटेवर माझी कुत्री असावी असं मलाच वाटत नाही. पण हा नियम स्मारकाच्या आतला आहे. बोटीचं काय, जेट्टीचं काय, तिथे कुणी किती वेळ कुठे थांबायचं, यावर कुठेच पाटी नाही, मग प्रत्येक जण त्याच्या मनाला येईल ते सांगतो आणि तेही आपण तिथे पोचल्यावर.

खाडीवरच्या फेरीबोटींचा अनुभव मात्र इतका चांगला आहे की त्याबद्दल आधी आभार मानायला हवेत. पहिल्या वेळी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने गाडीसकट उतरलो. मग आगरदांडा ते दिघी, मग बागमांडला ते वेश्वी. भुरी पहिल्यांदा बोटीत चढली तेव्हा थरथरत होती, इंजिनाची थरथर पायातून वर येते ना ती तिला कळेना, माझ्या मांडीत डोकं घालून बसली, आणि वीस मिनिटांनी एकदम उठून नाक वर करून वारा घ्यायला लागली, तो खारा वास, मासळीचा, चिखलाचा, खारफुटीचा, तिला किती काय काय कळत असेल त्यातून. फेरीवरच्या एका खलाशी दादाने स्वतःहून सांगितलं की ताई गाड्यांच्या मध्ये नका उभं राहू, इकडे कोपऱ्यात या, इथे तिच्या पायाखाली पत्रा तापत नाही. तेवढ्याने आमचा प्रवास सोपा झाला. आणि बागमांडल्याच्या त्या फेरीवर आईला सावित्रीच्या मुखावरचा बाणकोट दिसला. आम्ही गाडीतून गेलो असतो तर तो नुसता टेकडीवरचा एक पडका किल्ला वाटला असता, पाण्यातून बघितल्यावर कळतं की खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत त्याच्या तोफेखालूनच जाणार. आई म्हणाली १७५५ मध्ये इंग्रजांना हाच कशाला हवा होता ते आज कळलं मला, पस्तीस वर्षं नुसतं सांगत होते.

आता दुसरी वेळ. ठिकाणाचं नाव मी लिहीत नाही, कुणाची बदनामी करायची नाहीये, आणि हे कुठेही होऊ शकतं. मार्च महिना. आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं की कुत्री बरोबर आहे, बोटीत चालेल का, आम्ही तिला घेऊन बोटीतच थांबू, आत उतरणार नाही. हो हो या म्हणाले. सकाळी साडेदहाला पोचलो, तिकिटं काढली, रांगेत उभे राहिलो, आणि बोटीत पाय टाकायच्या वेळेला सांगितलं की कुत्रं नाही चालणार. बरं, का, तर नाही चालत. मी विचारलं, फोनवर हो कोण म्हणालं, तर तो माणूस आज नाही. आईलाही त्याच वेळी कळलं होतं की हलत्या बोटीतून त्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर उडी मारून उतरायचं म्हणजे तिच्या गुडघ्यांना जमणारं नाही. मग आई म्हणाली तुम्ही तिघं जा, तिकिटं वाया नका घालवू, मी आणि भुरी बसतो इथे. आणि मी गेले. ते मला अजून लागतं की मी गेले.

जेट्टीवर सावली नव्हती. एक शेड होती ती तिकीटघराची, तिथून कुत्रीला घेऊन बसू नका म्हणून उठवलं. समोर एक झाड होतं त्याखाली बाइक लावलेल्या. दोन तास लागतील असं कुणी सांगितलं नव्हतं, पण जाणं, आत फिरणं, परतीच्या बोटीसाठी थांबणं यात दोन तास सहज गेले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते तोंड उघडं टाकून धापा टाकूनच अंग गार करतं, आणि हवाच तापलेली आणि दमट असली की धापा टाकूनही काही उपयोग होत नाही. आईजवळ एक लिटरची बाटली होती ती तिने भुरीलाच पाजली आणि स्वतः तशीच राहिली. आम्ही परत आलो तेव्हा भुरी कडेवर पडलेली, तोंडातून चिकट लाळ, हिरड्या लालभडक, उठवली तर मागचे पाय लटपटत होते. आणि आईचा चेहरा पांढरा पडलेला.

त्यांना कुणी वाचवलं सांगू का, शेजारी सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशींनी. त्यांनी आम्ही यायच्या आधीच दोघींना आपल्या ताडपत्रीखाली घेतलं होतं, आईला लिंबू-पाणी दिलं, भुरीच्या पोटावर, पायांवर बादलीतलं पाणी हळूहळू ओतत होत्या आणि पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हेच बरोबर केलं, लगेच गार पाणी आणि वारा हेच पाहिजे. संध्याकाळपर्यंत भुरी उभी राहिली. त्या मावशींनी पैसे घेतले नाहीत, आम्ही तीन किलो सुकट घेऊन आलो, अजून संपली नाहीये.

म्हणून म्हणते, नाही म्हणायचं असेल तर जरूर नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे, बोटीत चाळीस माणसं असतात, त्यातल्या एखाद्याला कुत्र्याची भीती असते, लहान मुलं असतात, बोट एका बाजूला कलली तर जबाबदारी तुमची. फक्त ते आधी सांगा. तिकीट खिडकीवर एक पाटी लावा, कुत्रा बोटीत चालतो की नाही, चालत असेल तर कोणत्या फेरीला. फोनवर जो उत्तर देतो त्याला तेच उत्तर माहीत असू द्या.

आणि आता तिसरी वेळ, जिच्यामुळे हे पत्र लिहायचं बळ आलं. हर्णैला एक वयस्कर तांडेलकाका भेटले, मासेमारीची बोट, इतरांसारखेच तेही हंगामात सुवर्णदुर्गाला लोकांना नेतात. त्यांना मी आधीच सगळं सांगितलं, आईचे गुडघे, भुरी, मार्चमध्ये झालेलं. ते म्हणाले उद्या सकाळी साडेसहाला या, भरती आहे, वारा पडलेला असतो, उन्हं चढायच्या आत परत आणतो. तिथे बोटीत चढायचं म्हणजे वाळूतून गुडघाभर पाण्यात जायचं, तर त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, आईला खुर्चीत बसवलं आणि दोन पोरांनी खुर्ची उचलून सरळ बोटीत ठेवली. भुरीला मी तिच्या लाइफ जॅकेटच्या पाठीवरच्या पट्ट्याने उचलून दिलं. फायबरच्या बोटीत कुत्र्याचे पाय सटकतात, ते काकांना कसं माहीत देव जाणे, त्यांनी ओलं गोणपाट आधीच अंथरून ठेवलं होतं.

आणि मग त्यांनी किल्ल्याभोवती फेरी मारली. लांबून, कारण खाली खडक आहेत, पण ते खडक त्यांना पाठ. इंजिन अगदी हळू. मी याआधी दोन जलदुर्ग आतून बघितलेत, तटावर चढून फोटो काढलेत, पण खरं सांगते, पाण्यातून फेरी मारल्याशिवाय जलदुर्ग कळत नाही. आतून तो बाकीच्या किल्ल्यांसारखाच वाटतो, झाडी, पडके चौथरे, विहीर. पाण्यातून बघितलं की दिसतं खडक कुठे संपतो आणि तट कुठे सुरू होतो तेच कळत नाही, महादरवाजा तर जवळ जाईपर्यंत सापडतच नाही, बुरुजांच्या आड दडवलेला, परकं जहाज आलं तर तोंड कुठे वळवणार. आणि किनाऱ्याकडे मान वळवली की कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा किल्ला असे तिन्ही एका रांगेत, म्हणजे हा एक किल्ला नाहीच, चार किल्ले मिळून एक बंदर राखतायत. हे जमिनीवरून दिसत नाही आणि सुवर्णदुर्गाच्या आत उभं राहूनही असं एका नजरेत येत नाही. आई पहिली दहा मिनिटं काही बोलली नाही. मग एकदम शिकवायलाच लागली, कान्होजी आंग्रे इथे कसे वाढले, १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने कान्होजींच्या मुलाकडून, तुळाजीकडून हा किल्ला कसा घेतला, पेशव्यांनी आपल्याच आरमाराविरुद्ध इंग्रजांना साथ दिली त्याचं काय झालं, पुढच्याच वर्षी विजयदुर्ग गेला. तांडेलकाका इंजिन बंद करून ऐकत बसले. सुकाणूवरचा हात तसाच. शेवटी म्हणाले बाई, मी इथे चाळीस वर्षं फिरतोय, आमच्याकडे ही गोष्ट वेगळी सांगतात, आणि मग त्यांनी त्यांची सांगितली.

भुरी त्या गोणपाटावर आईच्या पायाशी पडून होती, हनुवटी बोटीच्या काठावर, सीगल जवळून गेले की फक्त कान हलायचे. एकदाही भुंकली नाही.

नंतर आमचे हे आणि मुलगा पायऱ्यांवर उतरून तासभर आत जाऊन आले, पायरीवर कोरलेलं कासव बघितलं, भिंतीवरचा मारुती बघितला, आणि आम्ही तिघी तटाच्या सावलीत बोट धरून बसलो. पुढच्या वेळी मी आत जाणार, मुलगा बोटीत थांबणार. असं पाळीपाळीने जमतं. नियम मोडला नाही, कुणाला त्रास नाही, आणि काकांनी सांगितले ते पैसे आम्ही आनंदाने दिले, नेहमीच्या तिकिटापेक्षा पुष्कळ जास्त होते तरी.

तर हीच फेरी सगळीकडे का नसावी? मी हे फक्त कुत्रेवाल्यांसाठी नाही मागत. गुडघे गेलेली माणसं, व्हीलचेअरवरची माणसं, गरोदर बायका, सात-आठ महिन्यांचं बाळ घेऊन आलेली आई, हे सगळे आज किनाऱ्यावर बसून राहतात आणि बाकीचे जाऊन येईपर्यंत पिशव्या सांभाळतात. त्यांच्यासाठी पहाटेची एक फेरी किंवा संध्याकाळची शेवटची एक फेरी, न उतरता, किल्ल्याला वळसा घालून परत. गर्दीच्या वेळेची एकही बोट त्यात अडकत नाही. कोणत्या किल्ल्याभोवती खडक जास्त आहेत, कुठे भांगाच्या, म्हणजे कमी पाणी चढणाऱ्या भरतीला जमणार नाही, कुठे फक्त एका अंगानेच जाता येईल, हे तुमच्याइतकं कुणाला कळतं, तुम्हीच ठरवा.

आणि कुत्रा घेऊन येणाऱ्यांना अटी घाला, कडक घाला. रेबीजच्या लसीचा दाखला दाखवल्याशिवाय तिकीट नको. लाइफ जॅकेट पाहिजेच, पाठीवर उचलायचा पट्टा असलेलं. पट्टा माणसाच्या हातात, बोटीला बांधायचा नाही, बोट उलटली तर बांधलेलं जनावर बोटीबरोबर जातं, हे मलाही एका खलाशानेच सांगितलं. बोटीत चढायच्या आधी फिरवून आणायचं, घाण केली तर मालकाने उचलायची, नाही उचलली तर दंड. निघायच्या तीन-चार तास आधीपासून पोटभर खायला द्यायचं नाही. प्यायचं पाणी घरून आणायचं, कारण तहानलं की कुत्रं समुद्राचं पाणी पितं आणि मग उलट्या, जुलाब, जास्त प्यायलं तर जिवावर येतं. चावरं, भुंकणारं कुत्रं असेल तर त्याला आणूच नये, ते त्याच्यावरही अन्याय आहे. हे आम्ही सगळं करतो आणि जो करणार नाही त्याला तुम्ही परत पाठवा, मी तुमच्या बाजूने बोलेन.

राहिली सावली आणि पाणी. यावर मला आमच्या नाशिकचीच एक गोष्ट सांगायचीये. आमच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे, नहपान राजाचा जावई उषवदात याचा, जवळपास १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने आपल्या दानांची यादी दिलीये, आणि त्यात लिहिलंय की इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहानुका या नद्यांवर त्याने नावा ठेवून लोकांना फुकट पैलतीरी जायची सोय केली, आणि या नद्यांच्या दोन्ही काठांवर सभा आणि प्रपा बांधल्या. सभा म्हणजे बसायला निवारा, प्रपा म्हणजे पाणपोई. दोन्ही काठांवर बरं का, एका नाही. आई शाळेच्या पोरांना दर वर्षी तिथे घेऊन जायची आणि त्या ओळीखाली उभं करून विचारायची, दोन्ही काठांवर का? मग कुणीतरी पोरगं सांगायचं, बाई, कारण बोट येईपर्यंत इकडचा माणूस इकडे थांबतो आणि तिकडचा तिकडे. दाहानुका म्हणजे डहाणूकडची नदी, म्हणजे हे सगळं याच किनाऱ्यालगतचं, आणि ते कोरलंय आमच्या डोंगरात. आमची गोदावरी त्र्यंबकला उगवते, तिथून अरबी समुद्र ८० किलोमीटरवर, पण ती उलटी वळते आणि १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, म्हणून असेल कदाचित, आम्ही नाशिककर स्वतःला समुद्राचे समजतच नाही. तो शिलालेख वाचला की वाटतं, होतो की आपण.

त्या निवाऱ्याला मोठं बांधकाम नको. चार खांब, वर झापं किंवा पत्र्यावर झावळ्या, खाली बाक, एक माठ किंवा टाकी, आणि कोपऱ्यात एक दगडी डोण जनावरांसाठी. त्यात जेट्टीवरची तुमचीच कुत्री, मांजरं पण पितील, तीही उन्हात तशीच पडलेली असतात. पैशाचा प्रश्न असेल तर तिकिटावर दोन रुपये वाढवा. आम्ही इकडून ट्रेकचे ग्रुप, इतिहासाचे ग्रुप, कुत्रेवाल्यांचे ग्रुप मिळून एखाद्या जेट्टीवरची पहिली शेड उभी करायला हातभार लावू, मी आत्तापर्यंत अकरा घरांशी बोललेय आणि सगळे तयार आहेत. जागा आणि परवानगीचं तुम्हाला आणि जेट्टीवाल्यांना बघावं लागेल.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही विजयदुर्गला यायचं म्हणतोय. तो आता जमिनीला जोडलेला आहे, तरी आईला तो वाघोटणच्या खाडीतून, पाण्यातूनच बघायचाय. सकाळच्या भरतीला कुणी आम्हाला अशी फेरी मारून देणार असेल तर कळवा, चार माणसं आणि भुरी, लाइफ जॅकेट आणि लसीचा दाखला आमच्याकडे आहे. जमणार नसेल तर तेही कळवा, म्हणजे आईला आत्ताच सांगते.

तुमची,
भुरीच्या घरची एक, नाशिक